कोकणात रान राखायचं तर: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी वर्षभराच्या कामाची माहिती

दरवर्षी जून तोंडावर आला की फोन सुरू होतात. आम्ही ग्रुपने येतोय, टेम्पोभर रोपं आणतोय, खड्डे तेवढे मारून ठेवा. भावना चांगली असते, नाही म्हणत नाही. पण कोकणात रान परत उभं करायच्या कामात रोपं लावणं हा सगळ्यात छोटा भाग, वर्षातले जेमतेम तीन-चार आठवडे. बाकीचं सगळं वर्ष राखण्यात जातं आणि नेमकी त्यालाच माणसं मिळत नाहीत. आमच्याकडची म्हातारी माणसं रोपं घेऊन आलेल्यांना एकच विचारतात, "झाडां लावतलास खरी, पण राखतलो कोण?"

यामागचं कारण आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. त्यामुळे डोंगरउतार कितीही उघडा दिसला तरी बहुतेक ठिकाणी तो मेलेला नसतो. ऐन, किंजळ, कुंभा, नाणा ही झाडं लाकडासाठी, कोळशासाठी, कवळासाठी (भाजावळीला लागणाऱ्या फांद्या नि पाल्यासाठी) तोडतोडून संपवलीत, पण खुंट नि मुळं जमिनीत जिवंत आहेत आणि दर पावसाळ्यात ती फुटतात. मग जानेवारीनंतर वणवा येतो नाहीतर गुरं येतात नाहीतर कोणीतरी कोयता घेऊन येतं आणि ते फुटवे परत जमिनीला मिळतात, असं वर्षानुवर्षं चाललंय. हे तीन त्रास सलग चार-पाच पावसाळे थांबवले तर उतार आपोआप डोक्याएवढा होतो, आणि त्याची मुळं तुमच्या नर्सरीतल्या रोपापेक्षा कितीतरी खोल गेलेली असतात.

हे लिहिलंय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, मुंबई-पुण्यातले चाकरमानी ज्यांची गावी दोन-चार एकर पडीक जमीन आहे आणि तिचं काहीतरी चांगलं करावं असं वाटतं. दुसरे, जे गावच्या देवराईत किंवा कोणाच्या राखीव रानात श्रमदानाला येतात. कामं तीच आहेत, फक्त परवानग्या वेगळ्या.

आधी जमीन कुणाची ते बघा

सात-बारा काढा, ऑनलाइन मिळतो. कोकणातला सात-बारा म्हणजे नावांची जत्रा असते, सामायिक जमिनीत सगळे चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या सगळ्यांची नावं. ज्यांची नावं आहेत त्यांच्या कानावर घातल्याशिवाय एक फांदी तोडू नका, नाहीतर काम बाजूला राहतं आणि भाऊबंदकी सुरू होते.

देवराई असेल तर सात-बाऱ्यावर काहीही लिहिलेलं असू दे, आधी मानकऱ्यांकडे नि गुरवाकडे जा. देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, काही गावांत कौल लावतात. कौल नाही मिळाला तर त्या वर्षी आत कोयता जात नाही, विषय संपला. शहरातून आलेल्यांना यात वेळ गेल्यासारखा वाटतो, पण ज्या राईत पडलेलं लाकूडसुद्धा उचलत नाहीत ती राई याच शिस्तीमुळे आजवर टिकलीय, त्यामुळे तिथे जाऊन आपण शहाणपणा शिकवू नये. सिंधुदुर्गात बऱ्याच देवस्थानांच्या जमिनी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात, तिचं ऑफिस कोल्हापूरला, म्हणजे लेखी परवानगीला वेळ लागणार हे धरून चाला.

तिसरी गोष्ट, झाडं तोडण्याबद्दलचा १९६४ चा कायदा. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर असली झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपण तोडायला चाललेलो नाही हे खरं, पण विरळणी, म्हणजे दाट आलेले फुटवे कमी, करतानासुद्धा वनरक्षकाला आधी सांगून ठेवावं. ओळख होते, आणि पुढे वणव्याच्या वेळी तीच ओळख कामाला येते. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याने, तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते ती मागून वाचा. काही गावांत छान भरलेली असते, काही गावांत कपाटात असते.

मग जागा फिरून तिचे तुकडे पाडा

पहिल्या फेरीत हत्यार नको. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, शक्यतो गुरं राखलेल्या किंवा लाकडं आणलेल्या बाईला, कारण कुठलं झाड कुठे होतं नि कुठला झरा मे महिन्यापर्यंत टिकायचा हे त्यांना पाठ असतं. एका कागदावर ढोबळ नकाशा काढा: मोठी झाडं असलेली राई कुठे, झुडपी उतार कुठे, व्हाळ (ओढा) कुठून जातो, सडा (जांभ्याचा उघडा कातळ) कुठे लागतो.

सड्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. जांभ्याचा काळा, सपाट, उन्हात तापलेला कातळ बघितला की नवीन माणसाला वाटतं इथे काहीच नाही, इथे माती आणून झाडं लावूया. कृपा करून लावू नका. सडा उजाड नाही, तो तसाच असतो. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर दीपकाडी फुलते, जी फक्त कोकणाच्या या पट्ट्यातच सापडते, मग गेंद येतात, सीतेची आसवं येतात, किडे खाणारे दवबिंदू येतात, श्रावणात तेरडा नि कवला. कातळावरच्या डबक्यांत बेडकांची पिल्लं वाढतात. शिवाय सड्यावर पडलेलं पाणी भेगांमधून मुरतं आणि खाली वाडीच्या वरच्या अंगाला झरा म्हणून बाहेर येतं. १९८० नंतर सामाजिक वनीकरणात ठिकठिकाणी कातळावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, आता तिच्याखाली वाळक्या पाल्याचा थर सोडून काही उगवत नाही, जाऊन बघा. सड्यावर करायचं काम एवढंच: गाड्या वर चढू द्यायच्या नाहीत, पावसाआधी बाटल्या नि काचा उचलायच्या, आणि बाभळीची, सुरूची छोटी रोपं दिसली की उपटायची. कातळशिल्पं असतील तर ती घासून 'स्वच्छ' करू नका, खडूने किंवा रंगाने रेषा उठवू नका. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीत नसलेली असंख्य आहेत आणि तुमच्या गावच्या सड्यावरही असू शकतात.

खाडीकाठी जमीन असेल तर तिवर, कांदळ, चिपी यांना हातच लावू नका, ते कायद्यानेही संरक्षित आहेत. तिथे प्लास्टिक नि फाटकी जाळी गोळा करा, बस.

अंगावर काय, बरोबर काय

फुल बाह्यांचा सुती शर्ट, जाड पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट. चामडी तळव्याचे ग्लोव्हज स्वतःचे आणा, गावात मिळत नाहीत. कोयता आणू नका, इथे आहेत, आणि ऑनलाइन मागवलेला चकचकीत कोयता पहिल्याच ऐनाच्या खुंटावर वाकतो. कोयता कमरेच्या आकडीत मागे अडकवायचा, हातात परजत चालायचं नाही, आणि दोन माणसांत कोयता धरलेला हात पूर्ण पसरला तरी एकमेकांना लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं. टिकाव, पहार, विळे, फावडं-घमेलं एवढं पुरतं.

फुरसं कातळाच्या कपारीत नि सुट्या दगडांखाली असतं, रंग दगडासारखाच, म्हणून दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटायचा. गवतात पाय टाकायच्या आधी काठी आपटा. साप चावलाच तर चावलेला भाग हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका, १०८ ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालय, लस तिथेच मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. विंचवाचंही तेच, तांबडा विंचू हलक्यात घेऊ नका. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं तेव्हापासून मरणारी माणसं वाचायला लागली, पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं.

बाकी छोटे त्रास. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, तिच्या वेलाखाली, किंवा वेलाकडून वारा तुमच्याकडे येईल अशा बाजूला, उभं राहू नका. लागलीच तर चोळायचं नाही, गावात शेण लावतात, हसू नका, लावून बघा. बिब्ब्याचा चीक अंगावर उडाला तर फोड येतात, म्हणून झाड ओळखायला पहिल्याच दिवशी शिकून घ्या. ओंबीलांचं (चावऱ्या तांबड्या मुंग्यांचं) घरटं असलेली फांदी तोडायची नाही, म्हणजे तोडाल एकदाच. दोडामार्ग, सावंतवाडी भागात येणार असाल तर माकडताप माहीत असू दे, २०१६ पासून तिकडे पेशंट सापडतायत, तो गोचिडीतून येतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात जोर असतो. गोचीड पळवणारं तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पाल्यावर बसू नका, घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं.

हस्त नक्षत्र संपल्यापासून दिवाळीपर्यंत: रानमोडी आणि घाणेरी

नवीन माणसाने सुरुवात इथून करावी. पाऊस संपलेला, माती अजून मऊ, हवेत जरा उकाडा पण काम होतं.

रानमोडी हे रानात माजणारं झुडूप, ओळखायला सोपं, पान चुरगळलं की उग्र वास येतो. मूळची अमेरिका खंडातली, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून फोफावली. डिसेंबर-जानेवारीत पांढरट जांभळी फुलं येतात, त्यानंतर बी सावरीच्या कापसासारखं उडतं, आणि वाळलेली रानमोडी वणव्याला सगळ्यात आवडतं खाद्य. म्हणजे काम फुलं यायच्या आत संपलं पाहिजे. बी धरल्यावर तिच्यात शिरलात तर कपड्यांवरून तुम्हीच ते दुसरीकडे नेणार.

कोयत्याने छाटून फायदा नाही, एका खोडाची पाच खोडं होतात. पद्धत अशी: लहान रोप बुंध्याजवळ दोन्ही हातांनी धरून हळूहळू, तिरकं न ओढता, सरळ वर उपटायचं. मोठा गड्डा असेल तर आधी गुडघ्याएवढं छाटून घ्यायचं, मग टिकावाने गड्डा मोकळा करून काढायचा. काढलेलं झुडूप मुळं वर करून दगडावर नाहीतर दुसऱ्या झुडपावर ठेवायचं, जमिनीवर पसरलं आणि मागाहून एखादी सर आली तर परत धरतं. जाळायचं अजिबात नाही. आणि उभ्या उतारावर खणायचं नाही, माती पुढच्या पावसात व्हाळात जाईल. तिथे वर्षातून दोन-तीनदा छाटत राहायचं आणि सावली यायची वाट बघायची, कारण रानमोडीला सावली सोसत नाही, वर ऐन-किंजळीचं छत आलं की ती स्वतःहून हटते.

घाणेरीचं (टणटणीचं) गणित वेगळं. तिचं मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, टिकावाने तोडायचं नि झुडूप उलटं करून ठेवायचं. वरून कापलीत तर पुढच्या वर्षी जास्त दाट येते. फळं बुलबुल खातात आणि बी लांब टाकतात, म्हणून जिथे एखादं-दुसरं झुडूप आहे, चांगल्या रानाच्या कडेला, तिथून सुरुवात करा आणि मग दाट जाळीकडे जा. सगळ्यांना उलटं करावंसं वाटतं, सगळ्यात दाट जागी तुटून पडायचं, फोटो छान येतो म्हणून. पण तिथे दिवसभर राबून जेवढी जागा मोकळी होते तेवढी पुढच्या पावसात परत भरते, आणि इकडे चांगल्या रानात मात्र नवीन झुडपं शिरलेली असतात. शिवाय दाट जाळीत ससे, लावे, भारद्वाज यांचा आडोसा असतो, तो एका दिवसात काढून घेऊ नये, तुकड्या-तुकड्याने काढावा.

उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, आणि मोठ्या बाभळी एकदम तोडू नका. त्यांच्या सावलीत आपली रोपं उभी राहू देत, मग एकेकीची साल बुंध्याला गोल काढून ती जागेवरच वाळू द्या.

याच दिवसांत व्हाळावर कच्चे बंधारे घालतात. धार कमी झाली की, साधारण नोव्हेंबरात, दगड-माती-पाला घालून पाणी अडवायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे वनराई बंधारे सगळीकडे होतात, पटकन होतात हे खरं, पण माझं मत विचाराल तर दगड मिळत असतील तर गोण्या टाळा, उन्हाने फाटतात आणि त्याचे तुकडे खाडीत जातात. वापरल्यात तर मे संपायच्या आत उचला. बंधारा तसाही पावसाआधी मोकळा करावाच लागतो, नाहीतर पहिल्या पुरात चढणीचे मासे वर कसे जाणार, आणि वळगणीला, म्हणजे हे चढणीचे मासे धरायला, टॉर्च घेऊन आलेली पोरं तुम्हाला शिव्या देतील ते वेगळंच.

थंडीत: वणव्याची तयारी

भात कापून झालं की गवत वाळतं आणि मग शिमगा होऊन पुढे मे पर्यंत वणव्याचा धोका. वणवे स्वतःहून लागत नाहीत. कोणी तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) भाजावळ, म्हणजे जमिनीवर पाला-फांद्या जाळणं, करताना वारा सुटतो, कोणी बिडी टाकतं, कोणी शिकारीसाठी लावतं, कोणाचा समज असतो की जाळल्यावर गवत चांगलं येतं. त्यात कलमं नि काजूच्या बागाही जातात, ऐन मोहरात, त्यामुळे या एका विषयावर गावातला प्रत्येक बागायतदार तुमच्या बाजूने असतो. मीटिंग याच विषयावरून सुरू करा, जैवविविधतेवरून नको.

जाळरेषा डिसेंबर संपायच्या आत. दहा ते पंधरा फूट रुंद पट्टा, त्यातलं गवत नि पाला खरवडून माती दिसली पाहिजे, पट्ट्यातली मोठी झाडं तशीच ठेवायची. नवीन पट्टा काढायच्या आधी बघा काय आयतं मिळतंय: पायवाट, जुना गडगा (दगडी बांध), व्हाळ, सड्याची कडा. हे एकमेकांना जोडले की निम्मं काम वाचतं. पट्टा जाळून काढायची पद्धत आहे पण ती वनखात्याच्या लोकांची नि जाणत्यांची, तुम्ही फक्त खरवडायचं. फेब्रुवारीत पानगळ झाली की पट्ट्यावर परत पाला साचतो, तो झाडायला एक फेरी लागतेच, आणि नेमकी हीच फेरी सगळे विसरतात.

भाजावळ करणाऱ्यांशी भांडू नका. त्यांना कधी करणार विचारा, सकाळी लवकर करा म्हणा, वारा दुपारी सुटतो, आणि त्या दिवशी दोन माणसं पाण्याचे कॅन घेऊन त्यांच्या बांधावर उभी करा.

आग लागलीच तर १९२६ हा वनखात्याचा नंबर, आणि सरपंच, पोलीस पाटील, वनरक्षक यांचे नंबर मोबाईलमध्ये आधीच असावेत. नवीन माणसाने आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही, आग चढावर धावते. सुती कपडे, ओला रुमाल, हिरवे टाळे (पानांच्या ओल्या फांद्या) घेऊन कडेकडेने, ज्याला माहीत आहे त्याच्या मागे. मंडळी विझवून घरी जातात आणि रात्री धुमसणारा ओंडका परत पेटतो, म्हणून कोणीतरी थांबावं लागतं.

खुंटांची विरळणीही याच दिवसांत. एका खुंटाला आठ-दहा फुटवे असतात, त्यातले सगळ्यात सरळ नि जाड दोन ठेवायचे, बाकीचे धारदार कोयत्याने खालून साफ काढायचे. काढलेले फुटवे त्याच झाडाभोवती वई (कुंपण) म्हणून लावा. भात निघाल्यावर गावात गुरं मोकाट सोडतात, हा रिवाज आहे, तुम्ही बंद करू शकत नाही, त्यामुळे तुमच्या तुकड्याला वई नाहीतर गडगा हवाच.

उन्हाळा: बिया, आणि थोडं गप्प राहणं

फेब्रुवारी ते मे मोठ्या झाडांच्या राईत कमीत कमी जा. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, नर फटीतून फळं भरवतो, आणि खाली तुम्ही ग्रास कटर लावलात तर तो घाबरून फिरकतच नाही. म्हणूनच पोखरलेला बेहडा, सातवीण, जुना रायवळ आंबा 'वाया गेलेलं झाड' म्हणून तोडायचा नाही. काजरा, उंबर, वड यांचं बी लांब नेऊन टाकायचं काम हे पक्षी फुकटात करतात.

तुमचं काम बिया गोळा करायचं. बेहडा, किंजळ, ऐन लवकर मिळतात, वाळवून ठेवता येतात. करंज नंतर. रातांबा (कोकम), जांभूळ, फणस, सुरंगी यांचं बी मात्र वाळलं की मेलं, गर काढून धुवायचं आणि त्याच आठवड्यात पिशवीत पेरायचं. बी आसपासच्याच रानातलं घ्या, आपल्याच तालुक्यातलं, लांबच्या नर्सरीतलं नको. आणि झाडाखालचं सगळं वेचू नका, थोडं तिथेच राहू दे. बेहड्याचं कवच कठीण, पेरायच्या आधी एक-दोन दिवस पाण्यात भिजवायचं.

सीडबॉलचं, म्हणजे बी घातलेल्या मातीच्या गोळ्यांचं, विचारणार हे माहीत आहे. चालत्या गाडीतून घाटात फेकलेले गोळे बहुतेक उंदीर, मुंग्या नि गवत यांच्या नावावर जमा होतात. पोरांना मजा येते तेवढीच. बी लावायचं तर हाताने, कुदळीने छोटं भोक पाडून, योग्य जागी लावा.

खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल, पण जिथे खुंट नाहीत, आसपास मोठी झाडं नाहीत, म्हणजे जिथे आपोआप काही येण्याची शक्यताच नाही, फक्त तिथे. जेसीबी नको, तो एका फेरीत दहा जिवंत मुळं उपटतो. पहार लागली की कातळ लागला असं समजून जागा बदला.

मिरग: आता आणा रोपं

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या, माती हातभर ओली झाली की लावणी, आणि जुलैच्या मध्यापर्यंत आटपा. उशिरा लावलेल्या रोपाला मुळं धरायला पावसाळा पुरत नाही. रोप दोन-तीन फुटांचं, निदान एक पावसाळा बघितलेलं असावं. पिशवी पूर्ण फाडून काढा, कोपऱ्यात फेकू नका, परत न्या. बुंधा जमिनीच्या पातळीला, भोवती माती पायाने दाबून, उतारावर असेल तर वरच्या बाजूला पाणी साठणार नाही असं बघून.

एक युक्ती जी गुराखी कधीपासून सांगतायत: रोप मोकळ्या जागी लावायच्या ऐवजी करवंदाच्या जाळीच्या कडेला, थोडं आत घुसवून लावा. गुरं काट्यात तोंड घालत नाहीत, उन्हाळ्यात मुळाशी गारवा राहतो, आणि झाड मोठं झालं की करवंद बाजूला सरकतं. जाळी 'साफ' करून तिथे ट्री गार्ड लावणारे लोक मी बघितलेत, काय बोलणार.

काय लावायचं? उघड्या उतारावर आधी उन्हात तग धरणारी, ऐन, किंजळ, करंज, सावर, चांदाडा. जिथे सावली आलीय तिथे रातांबा, सुरंगी, जांभूळ. व्हाळाच्या काठाला उंबर, करंज, जांभूळ. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेला रानटी जायफळाची दलदल आहे तिथलं बघून कोणाला ते लावावंसं वाटतं, पण त्या झाडांना बारमाही ओली जागा लागते, तुमच्याकडे ती नसेल तर सोडून द्या.

पावसात काम करताना पायाला जखम असेल तर चिखलात गमबूट घालूनच उतरा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) कोकणात दरवर्षी असतो. ताप आला तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात जाऊन चिखलात काम केलंय हे सांगा.

श्रावण, भादवा

आता लावणीचं काम नाही. रोपांभोवती गवत वाढतं, ते हातभर गोलाकार काढून तिथेच रोपाभोवती अंथरायचं. बुंध्याला चिकटवायचं नाही, वाळवी लागते.

सड्यावर जायचं ते बघायला नि नोंदी घ्यायला. ठरलेल्या वाटेने, दगडावरून पाय टाकत, फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढायचा नाही. नोंदी कशा ठेवायच्या तर चार-पाच ठिकाणं पक्की करा, एखादा ओळखीचा दगड, त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेने दर ऋतूला मोबाईलने एक फोटो. दोन वर्षांनी तेवढ्यावरून सगळं कळतं, रानमोडी कुठे हटली, फुटवे किती वाढले. झाडं-किडे ओळखता येत नसतील तर आयनॅचरलिस्ट या ॲपवर फोटो टाका, आणि गावातलं नाव विचारून वहीत लिहा, ते ॲपमध्ये मिळत नाही. दुर्मिळ काही सापडलं तर नेमकी जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

गणपतीला गाव भरतं. इतर वेळी चार माणसं मिळायची मारामार असते आणि या दिवसांत प्रत्येक घरात धडधाकट माणसं रिकामी असतात, आणि माती इतकी मऊ की लहान रानमोडी दोन बोटांनी निघते, फूल अजून लांब असतं. त्यामुळे गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर एक दिवस जास्त थांबा, रिटर्न तिकीट त्या हिशोबाने काढा. सकाळी सातला निघायचं, अकरापर्यंत काम, जेवण आमच्याकडे. ग्लोव्हज तेवढे आणा, आणि जमलं तर दोन जोड जास्त.